हीटर अडकला तरी मासे वाचावेत म्हणून

घरातल्या मत्स्यालयाचा दिवा गेला तर माशांचं काही बिघडत नाही. फिल्टर बंद पडला तर काही तास हाताशी असतात. हीटर बंद पडला तर निदान एखादी रात्र मिळते. पण हीटर बंदच होईनासा झाला, तर सकाळी उठेपर्यंत सगळं आटोपलेलं असू शकतं. तरीही दुकानात माशांच्या रंगावर आणि काचेच्या जाडीवर अर्धा तास चर्चा होते, आणि हीटर मात्र ‘द्या कोणताही एक’ म्हणून पिशवीत पडतो.

‘चांगल्या कंपनीचा घ्या’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. स्वस्तातला लवकर दगा देतो, महागातला उशिरा देतो. म्हणून हीटर एक दिवस बिघडणार हे धरूनच टँकची मांडणी करावी. बिघाड टाळणं आपल्या हातात थोडंच असतं. तो झाला तरी मासे मरू नयेत, ही सोय मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला हीटर हवाच आहे का? मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे वर्षातले बरेच महिने टँकचं पाणी आपसूकच 26 ते 30 अंशांच्या आसपास असतं. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, त्याच्या टँकमध्ये हीटर घालणं म्हणजे उगाच छळ. गप्पी तर आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी उघड्या टाक्यांत आणि नाल्यांत सोडले जातात. तिथे त्यांची विचारपूस कोणी करत नाही, आणि तरी त्यांची पिल्लावळ वाढतच असते. हीटरची खरी गरज पडते ती पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर अशा ठिकाणी, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, आणि तीही बेट्टा, एंजल, टेट्रा, डिस्कस यांसारख्या उष्ण प्रदेशातल्या माशांना. डिस्कसला 28 ते 30 अंश लागतात, त्यामुळे डिस्कस पाळणाऱ्यांचा हिशेब वेगळा. बाकीच्यांना 24 ते 26 अंश पुरतात.

गरज किती आहे हे दुकानदाराला विचारू नका, बादलीला विचारा. ऐन थंडीत टँकशेजारी झाकण ठेवून पाण्याची एक बादली ठेवा आणि तीन-चार दिवस पहाटे सहाला तिचं तापमान मोजा. समजा ते 18 अंश भरलं आणि तुम्हाला 25 हवे आहेत, तर हीटरला सात अंशांची उठाठेव करायची आहे. निफाडसारख्या गावात, जिथे बाहेरचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, हा आकडा मोठा येईल. मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये तो दोन-तीनच येईल, आणि मग तुम्ही हीटरचा विचार सोडूनही द्याल.

आता वॉटचा हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा टँक घ्या. काठोकाठ भरला तर त्यात छप्पन्न लिटर पाणी मावतं, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता खरं पाणी 45 लिटर धरू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण 4,186 ज्यूल लागतात. या टँकमध्ये 300 वॉटचा हीटर अडकून चालूच राहिला तर, बाहेर जाणारी उष्णता हिशेबात न धरता, पाणी तासाला पावणेसहा अंशांनी चढतं. रात्री अकराला 25 अंश असलेलं पाणी पहाटे दोनपर्यंत चाळिशीच्या घरात जातं. 100 वॉटचा असेल तर वेग तासाला दोन अंशांच्या थोडा खाली. 50 वॉटचा असेल तर जेमतेम एक अंश.

इथे 50 वॉटची गंमत वेगळीच आहे. पाणी तापतं तशी काचेतून आणि पृष्ठभागावरून उष्णता बाहेरही जाते. हीटर जेवढी घालतो तेवढीच बाहेर जाऊ लागली की तापमान तिथेच थांबतं. अशा छोट्या टँकमध्ये 50 वॉट सतत चालू राहिले तर पाणी खोलीपेक्षा साधारण आठ-दहा अंश वर जाऊन अडतं, झाकण किती घट्ट आहे त्यानुसार थोडं कमी-जास्त. म्हणजे पुण्याच्या जानेवारीत 18-20 अंशांच्या खोलीत हा हीटर अडकला तरी पाणी 28-30 च्या आसपास राहील. मासे कुरकुरतील, मरणार नाहीत. ‘एका लिटरला एक वॉट’ हा नियम दुकानात सांगतात, आणि आपल्या हवेत तो ढोबळमानाने चालतो. पण ‘थोडा मोठाच घ्या, लवकर तापेल’ हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. टँक लवकर तापवण्याची गरज कोणत्याच माशाला नसते.

मोठ्या हीटरचा आणखी एक तोटा त्याच्या पोटात असतो. साध्या हीटरमध्ये दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापली की ती वाकते आणि संपर्क तुटतो, निवली की सरळ होऊन पुन्हा जुळतो. प्रत्येक वेळी तिथे बारीकशी ठिणगी पडते. हजारो ठिणग्यांनंतर ती टोकं खडबडीत होतात आणि एके दिवशी एकमेकांना वितळून चिकटतात. झालं, हीटर कायमचा चालू. छोट्या टँकमधला मोठा हीटर दिवसातून कितीतरी वेळा चालू-बंद होतो, म्हणजे त्याच्या ठिणग्याही जास्त. आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक हीटर या दोषातून सुटतात असा समज आहे. पण त्यांच्यातला रिले हा स्विचही चिकटू शकतो, आणि त्याऐवजी ट्रायक हा इलेक्ट्रॉनिक स्विच असेल तर तो उडताना बहुतेकदा ‘चालू’ अवस्थेतच उडतो. चकचकीत पडदा बघून हुरळून जाऊ नका.

नवा हीटर आणला की मासे नसलेल्या टँकमध्ये, किंवा तेवढंच पाणी मावेल अशा ड्रममध्ये, त्याची एक परीक्षा घ्या. डायल शेवटच्या आकड्यावर फिरवा आणि स्वतः घरी असताना, पाणी चढायचं थांबेपर्यंत, चालू ठेवा. पाणी ज्या अंशाला थांबलेलं दिसेल, ती त्या खोलीत आणि त्या ऋतूत त्याची कमाल मजल. डायलवरचा शेवटचा आकडा बहुधा 32 ते 34 असतो. पाणी तिथवर पोचलंच नाही तर उत्तम, हीटर बेताचा आहे. अर्ध्या दिवसातच पोचून हीटरवरचा दिवा विझला तर हीटर तुमच्या टँकला जास्त ताकदीचा आहे हे समजून घ्या आणि पावती हरवायच्या आत बदलून आणा.

टँक मोठा असेल, म्हणजे शंभर लिटरच्या पुढे, तर 150 वॉटच्या एका हीटरऐवजी 75 वॉटचे दोन लावा, दोन टोकांना. एक अडकला तर दुसरा आपोआप बंद राहतो आणि पाणी तापायला निम्मीच ताकद लागलेली असते. एक मेला तर दुसरा निदान गारठू देत नाही. खर्च थोडा वाढतो. पण एंजलची मोठी जोडी काय भावाने येते हे ज्यांना ठाऊक आहे ते कुरकुरणार नाहीत.

यापुढची पायरी म्हणजे बाहेरचा टेंपरेचर कंट्रोलर. एसटीसी-1000 या नावाने मिळणारा छोटा डबा अनेक शौकीन वापरतात. काहीजण तो प्लग जोडून तयार असलेलाच घेतात. सुटा घेतलात तर जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, कारण उघड्या स्क्रूंवर 230 व्होल्ट असतात. मांडणी अशी ठेवायची: कंट्रोलर 25 अंशांना बंद होणारा, आणि हीटरची स्वतःची डायल 27 वर. रोजचं काम कंट्रोलर करतो, हीटरचा थर्मोस्टॅट राखीव राहतो. पाणी उकडायचं तर आता दोन्ही एकाच वेळी बिघडायला हवेत. बरेच जण मात्र कंट्रोलर आहे म्हणून हीटरची डायल सरळ शेवटाला नेऊन ठेवतात आणि राखीव गडी घरी पाठवून देतात. तसं करू नका, कारण कंट्रोलरचाही एक दुबळा भाग आहे, त्याचा सेन्सर. पाणी बदलताना तो बाहेर निसटला आणि लक्षात आलं नाही, तर त्याला खोलीतली 18 अंशांची हवा लागते आणि तो इमानदारीने हीटर चालूच ठेवतो. सेन्सर दोन ठिकाणी पक्का करा, तळाजवळ, हीटरपासून लांब.

थर्मामीटरशिवाय हे सगळं अंधारातलं काम. काचेवर बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी पाणी आणि खोली यांच्या मधलंच काहीतरी सांगते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. आत बुडणारा काचेचा किंवा वायरीवाला डिजिटल घ्या आणि हीटरच्या विरुद्ध टोकाला लावा. तो खरं बोलतो का, हे तपासायला घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर कामी येतो. तो साधारण 32 ते 42 अंशांतच मोजतो, म्हणून मगभर पाणी 36-37 पर्यंत कोमट करा आणि दोन्ही त्यात धरा. एखाद्या अंशाचा फरक चालतो, तो लक्षात ठेवला की झालं. तीन-चार अंशांचा असेल तर टँकचा थर्मामीटर फेका. आणि सकाळी खाणं घालताना आकडा बघायची सवय लावून घ्या. हीटर एका झटक्यात बिघडतो असं नाही. पुष्कळदा आठवडाभर पाणी अर्ध्या-एक अंशाने वर किंवा खाली सरकत असतं आणि आपण फक्त मासे बघत असतो.

हीटर पाण्याच्या वाहत्या धारेत असावा, फिल्टरच्या तोंडाजवळ. पाणी फिरत नसेल तर हीटरभोवतालचं पाणी गरम होऊन थर्मोस्टॅट समाधानी होतो आणि टँकचं दुसरं टोक गारच राहतं. कंपनीने मनाई केली नसेल तर तो तळापासून थोडा वर, आडवा किंवा तिरका लावा, म्हणजे पाणी उतरलं तरी उघडा पडत नाही. वाळूत कधीही पुरू नका. सकर मासा हीटरला चिकटून बसतो आणि भाजतो, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न रागाच्या भरात काचेचा हीटर फोडतात. अशांच्या टँकमध्ये हीटरला प्लॅस्टिकची जाळी हवीच.

काचेचा हीटर फुटण्याचं कारण बहुतेक वेळा माणूस असतो. पाणी काढायला घेतलं, हीटर चालूच राहिला, अर्धा उघडा पडून तापला, मग वरून गार पाण्याची बादली ओतली की काच तडकते. आपल्याकडे याची एक खास आवृत्ती आहे. लाइट गेली म्हणून वेळ आहे तर पाणी बदलून टाकू असं ठरतं, सगळं बंदच असल्यामुळे प्लग काढायचं सुचत नाही आणि अर्धा टँक रिकामा असताना लाइट येते. म्हणून लाइट असो वा नसो, पाण्याला हात लावण्याआधी हीटरचा प्लग सॉकेटमधून बाहेर. बटण बंद करून भागवू नका. प्लग काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग पाणी काढा, आणि भरून झाल्यावरही तेवढंच थांबून मग लावा.

प्लगवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरात ‘माशांचा हीटर’ लिहा. मिक्सर किंवा इस्त्री लावण्यासाठी तो काढला जातो आणि परत लावायचा राहतो, हे घराघरांत घडतं. मग दोष कामवाल्या बाईंवर किंवा आजींवर जातो, त्यांना कोणी काही सांगितलेलं नसताना.

विजेच्या सुरक्षिततेबद्दल थोडं कडक बोलायला हवं, कारण इथे प्रश्न माशांपुरता उरत नाही. अनेक हीटरना दोनच पिनांचा प्लग असतो, म्हणजे अर्थिंग नाही. आत पाणी शिरलं तर पाण्यात हात घालणारा माणूस हाच जमिनीकडे जाणारा रस्ता ठरतो. घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते पाहा, नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्या. जुन्या इमारतींत तो बहुधा नसतो. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. एक्स्टेंशन बोर्ड टँकखाली स्टँडमध्ये जमिनीवर पडलेला असेल तर तो वर भिंतीला लावा, आणि हीटरची वायर प्लगकडे चढण्याआधी खाली झोळ घेऊन जाईल अशी सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातच टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘होतं कधी कधी’ म्हणू नका. सगळे प्लग काढा आणि एकेक उपकरण बाद करा. पहिला संशय हीटरवर घ्या.

एवढं करूनही एके सकाळी थर्मामीटर 34 दाखवेल, मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून बसलेले असतील. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, 35 ला सातच्या आसपास. माशांची गरज मात्र तापमानासोबत वाढलेली असते. म्हणून हीटरचा प्लग काढल्यावर पहिली धाव बर्फाकडे घेऊ नका. एअर पंप पूर्ण जोरात लावा, झाकण काढा, टेबल फॅनचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने पाणी निवतं आणि हलणाऱ्या पाण्यात हवाही मिसळते. मग टँकपेक्षा दोन-तीन अंशांनीच गार असलेलं, क्लोरीन काढलेलं पाणी दर अर्ध्या तासाने दहा टक्के बदलत राहा. थंडीतल्या सकाळी नळाचं पाणी 18 अंशांचं असतं, ते तसंच ओतलं तर उष्णतेतून वाचलेले मासे धक्क्याने जातील. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत सोडता येते, पण तिचा आवाका ओळखून. अर्ध्या लिटरची बाटली पूर्ण वितळली तर 45 लिटर पाणी साधारण सव्वा अंशाने उतरतं. एकावेळी एकच सोडा, बर्फाचे खडे थेट पाण्यात नकोत. तासाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने खाली येऊ नका.

बेट्टा आणि गुरामी वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते इतरांपेक्षा जास्त वेळ तग धरतात. ते ठीक दिसतात म्हणून टेट्राही ठीक असतील असं समजू नका. दिवसभर खाणं बंद ठेवा. पाणी जितकं गरम तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त असतो, आणि फिल्टरमधल्या जीवाणूंनाही फटका बसलेला असू शकतो. पुढचे चार-पाच दिवस अमोनिया तपासत राहा आणि खाणं हात आखडून घाला.

उलट बाजू, म्हणजे हीटर मेला आणि पाणी 17-18 वर आलं, ही संथ आपत्ती आहे आणि म्हणूनच लक्षात येत नाही. मासे तळाशी बसतात, पर मिटून घेतात, खाणं टाकतात. चार-सहा दिवसांनी अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात आणि मग लोक औषध शोधत फिरतात. गरम पाण्याने भरलेली बंद बाटली तरंगत ठेवा, टँकभोवती चादर गुंडाळा, तासाला एका अंशापेक्षा जास्त चढवू नका. लाइट गेली असेल तरी हेच. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हीटर लावून बॅटरी संपवू नका, एअर पंप चालवा. चादरीत गुंडाळलेला टँक काही तास ऊब धरून ठेवतो, हवेशिवाय मासे तग धरत नाहीत.

हिवाळ्यातल्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांना खाण्याची पुडी दाखवण्याआधी हीटरचा प्लग दाखवावा, आणि थर्मामीटर 30 च्या वर दिसला तर प्लग ओढून काढायचा, एवढंच सांगावं. घरात वायफाय कॅमेरा असेल तर त्याचं तोंड थर्मामीटरकडे करून जा.

बिघडलेला हीटर दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढून वायर कापा आणि मगच भंगारात द्या, नाहीतर कोणीतरी तो ‘चालतोय की’ म्हणून पुन्हा पाण्यात घालेल. नळीच्या आत दव किंवा पाण्याचा थेंब दिसला, आत काळपट डाग पडला, वायर कडक होऊन तडे गेले, दिवा पाणी गरम असूनही विझेना, यांपैकी काहीही दिसलं तरी हाच शेवट. माझ्या मते काचेचा साधा हीटर तीन हिवाळ्यांपेक्षा जास्त वापरू नये, दिसायला धडधाकट असला तरी.

होळी झाली की थंडी गेली असं आपल्याकडे मानतात. हीटरसाठी ही तिथी अगदी सोयीची आहे. त्या दिवशी तो टँकमधून काढाच. ज्या 50 वॉटच्या हीटरने जानेवारीत अडकूनही मासे वाचवले असते, तोच एप्रिलमध्ये 32 अंशांच्या खोलीत अडकला तर पाणी 40 वर नेईल. विदर्भात तर मे महिन्यात त्याच टँकवर कूलरचा झोत सोडावा लागतो. काढलेल्या हीटरवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साचलेला असेल तर तो व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून पुसा, प्लगला पाणी लागू देऊ नका. कोरडा करून कागदात गुंडाळा आणि वर मार्करने खरेदीचं वर्ष लिहा. कोजागरीच्या सुमारास बादलीभर पाण्यात बुडवून, थर्मामीटर सोबत ठेवून, अर्धा दिवस चालवून बघा. डायलवर लावलेल्या आकड्याच्या आसपास दिवा विझतो आणि पाणी निवल्यावर पुन्हा लागतो हे दोनदा दिसलं, तरच तो टँकमध्ये जाऊ द्या.